तारखा आणि परवानग्या न गमावता फाइली एका कॉम्प्युटरवरून दुसऱ्यावर कशा न्यायच्या

ऑफिसात नवा कॉम्प्युटर आला की जुन्यावरचे फोल्डर माउसने ओढून नव्यावर टाकले जातात. फाइली उघडतात, मजकूर दिसतो, आणि जुनं मशीन भंगारात जातं. काही महिन्यांनी कोणीतरी विचारतं की हा ठराव नेमका कधी टाइप झाला होता, किंवा पगारपत्रकाचा फोल्डर सगळ्यांना कसा काय उघडतोय. तेव्हा कळतं की फाइलींबरोबर यायला हव्या होत्या त्या दोन गोष्टी जुन्या मशीनवरच राहिल्या.

मराठवाड्यातल्या वाचनालयांना आणि संस्थांना हे सांगणं मला जास्त गरजेचं वाटतं. निजाम राजवटीतले उर्दू आणि मोडीतले कागद, मुक्तिसंग्रामात भाग घेतलेल्यांच्या मुलाखतींचं रेकॉर्डिंग, ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतरच्या फोटोंचे स्कॅन असा साठा ज्यांच्याकडे आहे, त्यांना तो पुन्हा तयार करता येणार नाही. मुलाखत देणारी बहुतेक माणसं आता राहिली नाहीत. स्कॅन करणाऱ्याने फाइलला नाव दिलेलं असतं 'स्कॅन ००४७'. कोणता गठ्ठा आधी उघडला, कोणतं पान कोणत्या दिवशी घेतलं, याचा माग पुष्कळदा फाइलच्या तारखेतच असतो. अशी तारीख पुसली गेली तर कागदाचा क्रमच हरवतो.

माउसने ओढल्यावर काय बिघडतं

विंडोजमध्ये प्रत्येक फाइलला निदान दोन महत्त्वाच्या तारखा असतात: 'डेट क्रिएटेड' आणि 'डेट मॉडिफाइड'. साधं कॉपी-पेस्ट केलं की मॉडिफाइड तारीख टिकते, पण क्रिएटेड तारीख कॉपी केल्याच्या क्षणाची होते. म्हणून २०११ मध्ये शेवटची बदललेली फाइल 'आज तयार झाली' असं दिसतं. फोल्डरांच्या तारखा तर दोन्ही आजच्या होऊन बसतात.

परवानग्यांचंही तसंच. कॉपी केलेली फाइल स्वतःच्या परवानग्या सोबत आणत नाही, ज्या फोल्डरात पडते त्याच्या परवानग्या घेते. नव्या मशीनवरचा फोल्डर सगळ्यांना खुला असेल, तर कर्मचाऱ्यांच्या खासगी कागदांचा फोल्डरही खुला झाला.

पेनड्राइव्हने नेलं तर आणखी एक नुकसान. बहुतेक पेनड्राइव्ह फॅट-३२ किंवा एक्सफॅट पद्धतीने फॉरमॅट केलेले असतात आणि त्यांत परवानग्या साठवायची सोयच नाही. फॅट-३२ वर ४ जीबी किंवा त्याहून मोठी फाइल बसत नाही, आणि मॉडिफाइड वेळ दोन सेकंदांच्या टप्प्यातच लिहिली जाते. हे दोन सेकंद पुढे त्रास देतात, त्यावर येतोच.

आधीची तयारी

एक उदाहरण धरू. वाचनालयाच्या जुन्या विंडोज कॉम्प्युटरवर डी ड्राइव्हमध्ये 'साठा' नावाचा २०० जीबीचा फोल्डर आहे. नव्या कॉम्प्युटरचं नाव 'कचेरी२', आणि त्यावर 'संग्रह' नावाचा फोल्डर शेअर केलेला आहे.

आधी दोन्ही मशीनची घड्याळं बघा. जुन्या मशीनच्या मदरबोर्डावरचा सीआर-२०३२ हा गोल सेल संपलेला असेल, तर प्रत्येक वेळी चालू केल्यावर तारीख कित्येक वर्षं मागे जाते. कॉपी करण्यापूर्वी तारीख, वेळ आणि टाइम झोन तिन्ही बरोबर करा. एनटीएफएस या विंडोजच्या नेहमीच्या पद्धतीने फॉरमॅट केलेल्या डिस्कवर वेळ जागतिक प्रमाणवेळेत साठवली जाते आणि दाखवताना त्यात आपले साडेपाच तास मिळवले जातात. एका मशीनचा टाइम झोन चुकलेला असेल, तर तारखा बरोबर असूनही वेगळ्या दिसतात आणि माणूस उगाच घाबरतो.

जुन्या साठ्यात २००२ सारखी अशक्य तारीख पडलेल्या फाइली आधीपासून असतील तर त्या आत्ता दुरुस्त करू नका. जसं आहे तसं न्या, दुरुस्ती नंतर करा आणि तिची नोंद ठेवा.

मग वायर. लॅन केबल लावा, वायफायवर हे काम करू नका. १०० एमबीपीएसच्या जुन्या नेटवर्क स्विचमधून (ज्या पेटीत सगळ्या केबल जोडलेल्या असतात) सेकंदाला साधारण ११ ते १२ एमबी जातात, म्हणजे २०० जीबीला पाच तासांच्या आसपास. गिगाबिट स्विच आणि चांगली केबल असेल तर हेच काम तासाभरात उरकू शकतं, पण हजारो छोट्या फाइली असतील तर दोन्हीकडे वेळ वाढतो.

उन्हाळ्यात लाइटचा भरवसा नसतो, म्हणून दोन्ही कॉम्प्युटरला यूपीएस असतो. स्विचला मात्र बहुतेक ठिकाणी नसतो. लाइट गेली की दोन्ही मशीन चालू, पण मधला रस्ताच बंद. स्विचची पिनसुद्धा यूपीएसवर घ्या. मशीन झोपू नये म्हणून पॉवरच्या सेटिंगमध्ये स्लीप बंद करा.

टॅली, वर्ड, एक्सेल दोन्हीकडे बंद करा. कॉपी चालू असताना कोणी त्याच फोल्डरात काम करणार नाही हे सगळ्यांना सांगा आणि मशीनवर कागद चिकटवून ठेवा.

रोबोकॉपी

विंडोज व्हिस्टापासून प्रत्येक विंडोजमध्ये रोबोकॉपी नावाचा प्रोग्राम आधीपासून असतो. वेगळं काही विकत घ्यायला किंवा डाउनलोड करायला लागत नाही. काळ्या खिडकीत आज्ञा टाइप करावी लागते म्हणून लोक बिचकतात, पण या कामासाठी याहून भरवशाचं साधन विंडोजमध्ये नाही असं माझं स्पष्ट मत आहे.

जुन्या मशीनवर स्टार्ट मेनूत 'कमांड प्रॉम्प्ट' शोधा, त्यावर उजवं क्लिक करा आणि 'रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर' घ्या. इथे एक खाचखळगा आहे. तुम्ही नेटवर्क फोल्डरला एन किंवा झेड असं ड्राइव्हचं अक्षर दिलेलं असेल, तर ॲडमिनिस्ट्रेटरच्या खिडकीला सहसा ते दिसत नाही. म्हणून पूर्ण पत्ता द्या. नवं मशीन पासवर्ड मागत असेल तर आधी याच खिडकीतून 'नेट यूज' आज्ञेने त्या शेअरला जोडून घ्या.

खालची आज्ञा उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिली आहे. आज्ञा, अक्षरं आणि अंक कीबोर्डवर इंग्रजीत टाइप करायचे. पत्त्यांतली रेघ उलटी, स्विचांआधीची (म्हणजे आज्ञेतल्या 'ई', 'एल' अशा छोट्या सूचनांआधीची) रेघ सरळ तिरकी, हा फरक नीट पाळा.

रोबोकॉपी डी:\साठा \\कचेरी२\संग्रह\साठा /ई /कॉपी:डीएटी /डीकॉपी:डीएटी /आर:२ /डब्ल्यू:५ /एक्सजे /एल

शेवटच्या 'एल'चा अर्थ 'फक्त यादी दाखव, काही कॉपी करू नकोस'. पहिल्यांदा नेहमी असंच चालवा. पत्ता चुकला असेल, चुकून भलताच फोल्डर घेतला असेल, तर इथेच दिसतं. यादी बरोबर वाटली की 'एल' काढून टाका आणि पुन्हा चालवा.

'ई' म्हणजे आतले सगळे फोल्डर, रिकामेसुद्धा. 'कॉपी'पुढच्या तीन अक्षरांत डी म्हणजे मजकूर, ए म्हणजे गुणधर्म, टी म्हणजे तारखा. या टीमुळे क्रिएटेड तारीखही सोबत येते. 'डीकॉपी' हेच फोल्डरांसाठी करतं, आणि तिथला टी बहुतेक लोक विसरतात. फाइलींच्या तारखा सांगितल्याशिवायही येतात, फोल्डरांच्या मात्र सांगाव्या लागतात.

'आर' आणि 'डब्ल्यू' न देता ही आज्ञा कधीच चालवू नका. एखादी फाइल उघडी असेल तर रोबोकॉपी मुळात १० लाख वेळा पुन्हा प्रयत्न करतं आणि दर प्रयत्नात ३० सेकंद थांबतं. हिशेब केला तर एका अडलेल्या फाइलपाशी ते जवळजवळ वर्षभर उभं राहील. 'आर:२' आणि 'डब्ल्यू:५' दिलं की दोनदा, पाच-पाच सेकंद थांबून ते पुढे जातं आणि अपयशाची नोंद ठेवतं. 'एक्सजे'मुळे विंडोजच्या आतल्या आडवाटा टळतात, नाहीतर काही ठिकाणी फोल्डर स्वतःच्याच आत पुन्हा पुन्हा कॉपी होत राहतो.

फाइलींची नावं मराठीत असतील तर आणखी एक स्विच लावा: 'युनिलॉग', त्यापुढे कोलन आणि नोंदवहीच्या फाइलचा पत्ता. साध्या 'लॉग'मध्ये मराठी नावांच्या जागी प्रश्नचिन्हं येतात आणि कोणती फाइल अडली ते वाचताच येत नाही.

पत्त्यात मोकळी जागा असेल, उदाहरणार्थ 'जुने फोटो', तर पूर्ण पत्ता दुहेरी अवतरणात घाला, पण शेवटी उलटी रेघ ठेवू नका. अवतरणाआधी उलटी रेघ आली की रोबोकॉपी पुढचे स्विचही पत्त्यातच जोडतं आणि भलतीच चूक दाखवतं. ड्राइव्हच्या मुळापासूनही कॉपी करू नका, त्यातल्या एखाद्या फोल्डरापासून करा. मुळापासून केलं की पलीकडचा फोल्डर लपलेला आणि सिस्टिमचा म्हणून नोंदला जातो, आणि लोक समजतात कॉपी झालीच नाही.

'एमआयआर' या स्विचबद्दल कुठेतरी वाचाल. तो दोन्ही फोल्डर तंतोतंत सारखे करतो, म्हणजे जुन्याकडे नसलेली प्रत्येक फाइल नव्याकडून पुसतो. जुन्याकडचा फोल्डर चुकून रिकामा निघाला, तर नव्याकडचा भरलेला फोल्डर रिकामा होईल. या कामात तो वापरू नका.

मध्येच लाइट गेली तर तीच आज्ञा पुन्हा चालवा. ज्यांचा आकार आणि तारीख दोन्हीकडे सारखी आहे अशा फाइली सोडून ते उरलेल्याच घेतं. तारखा जपल्याचा हा रोखीतला फायदा आहे: तारखा वेगळ्या असत्या तर पुन्हा सगळे २०० जीबी घ्यावे लागले असते. पलीकडे फॅट-३२ ची डिस्क किंवा काही प्रकारचा नॅस (नेटवर्कला जोडलेली साठवणपेटी) असेल तर 'एफएफटी' हा स्विच जोडा. मग दोन सेकंदांचा फरक ते फरक मानत नाही.

माउसने आधीच कॉपी करून बसला असाल तरी जुनं मशीन चालू आहे तोवर हातातून काही गेलेलं नाही. वरच्याच आज्ञेला 'टिमफिक्स' जोडा. आकार आणि मॉडिफाइड तारीख सारखी असल्याने जी फाइल सोडून दिली जाते तिच्याही तारखा ते दुरुस्त करतं. पंधरावीस फाइलींवर आधी तपासून बघा.

परवानग्या: इथे घाई नको

वरच्या आज्ञेत परवानग्या मी मुद्दाम घेतलेल्या नाहीत. रोबोकॉपीत त्या घेता येतात: 'कॉपी'च्या अक्षरांत एस वाढवला की परवानग्या, ओ वाढवला की मालकी, आणि 'कॉपीऑल' लिहिलं की सगळंच. त्या घ्यायच्या की नाही हे तुमचं नेटवर्क कसं आहे यावर ठरतं.

विंडोज परवानगी देताना माणसाचं नाव लिहून ठेवत नाही, त्या खात्याचा एक लांबलचक क्रमांक लिहून ठेवतं. त्याला एसआयडी म्हणतात. हा क्रमांक प्रत्येक मशीनचा वेगळा. जुन्या मशीनवर 'लिपिक' नावाचं खातं होतं आणि नव्यावरही तुम्ही 'लिपिक' याच नावाने खातं उघडलंत, तरी विंडोजच्या लेखी ही दोन वेगळी माणसं. परवानग्या जशाच्या तशा आणल्या तर फोल्डरच्या 'सिक्युरिटी'त नावाऐवजी 'एस-१-५-२१' ने सुरू होणारा क्रमांक दिसतो, 'अकाउंट अननोन' असं लिहिलेलं असतं, आणि लिपिकाला स्वतःचाच फोल्डर उघडत नाही. एखादा फोल्डर कोणालाच उघडत नाही अशी तक्रार येते तेव्हा बऱ्याचदा मागे हेच असतं.

म्हणून ज्या ऑफिसात चार-पाच कॉम्प्युटर वर्कग्रुपमध्ये (मधला सर्व्हर नसताना एकमेकांना) जोडलेले आहेत, आणि आपल्याकडची बहुतेक वाचनालयं, शाळा, पतसंस्था अशीच आहेत, तिथे परवानग्या कॉपी करू नका. कागदावर उतरवून घ्या: कोणता फोल्डर, कोणाला नुसता वाचायला, कोणाला बदलायला. मग नव्या मशीनवर 'लेखा', 'ग्रंथपाल' असे गट तयार करा, सगळ्यात वरच्या फोल्डरला गटांच्या परवानग्या द्या, आणि त्यानंतरच कॉपी चालवा. फाइली आत पडताना योग्य परवानग्या आपोआप घेतात. पुढे माणूस बदलला तर फक्त गटातलं खातं बदलायचं.

जुन्या परवानग्यांची लेखी प्रत हवी असेल तर 'आयकॅकल्स' आज्ञेला 'सेव्ह' आणि 'टी' हे स्विच देऊन त्या एका फाइलमध्ये उतरवून ठेवता येतात. ती फाइल वाचायला किचकट आहे, पण पुढे वाद झाला तर आधी काय होतं याचा पुरावा राहतो.

कॉलेज किंवा मोठ्या कार्यालयात डोमेन सर्व्हर असेल तर गोष्ट उलटी. तिथे खाती सर्व्हरवर असतात, क्रमांक सगळीकडे एकच, आणि डोमेनच्या खात्यांना दिलेल्या परवानग्या कॉपी करणंच योग्य. 'कॉपी:डीएटीएस' द्या. पण नव्या मशीनवर शेअर करताना 'फुल कंट्रोल' दिलेलं असलं पाहिजे. शेअरची परवानगी आणि फोल्डरची परवानगी या दोन वेगळ्या असतात आणि त्यांतली कडक असेल ती लागू होते. शेअरला नुसतं 'चेंज' असेल तर फाइल जाते, पण तिच्या परवानग्या लिहिताना 'ॲक्सेस डिनाइड' येतं. काम झालं की शेअरची परवानगी पुन्हा कमी करा.

जुनं मशीन नव्याला दिसतच नसेल

विंडोज एक्सपी असलेलं मशीन नव्या विंडोजशी बोलत नाही, कारण ते वापरतं ती एसएमबी-१ ही पद्धत नव्या विंडोजमध्ये सुरक्षेसाठी बंद असते. ती चालू करायचा सल्ला कोणी देईल, घेऊ नका. जुनं मशीन बंद करून हार्ड डिस्क काढा, साटा ते यूएसबी केबलने नव्या मशीनला लावा आणि हीच रोबोकॉपी त्या ड्राइव्हवरून चालवा. फार जुन्या डिस्कला आयडीईची पिन असते, तिच्यासाठी वेगळा ॲडॉप्टर लागतो. कॉपी करताना वाचायला परवानगी नाही असं आलं तर 'बी' स्विच लावा. ॲडमिनिस्ट्रेटरच्या खिडकीत तो बॅकअपच्या अधिकाराने फाइल वाचतो. परवानग्या बदलत बसण्यापेक्षा हे बरं, कारण मूळ डिस्कवर काहीच बदलत नाही.

लिनक्स असेल तर

लिनक्सवर आरसिंक वापरा. अँड्र्यू ट्रिजेल आणि पॉल मॅकेरास यांनी ते १९९६ मध्ये आणलं आणि आजही या कामाला त्याच्या तोडीचं दुसरं सहजी मिळत नाही. उणे चिन्हाला जोडून लहान लिपीतलं 'ए' दिलं की आतले फोल्डर, परवानग्या, मॉडिफाइड तारीख, गट, मालक सगळं येतं. मालक बदलून लिहायला पलीकडे रूटचा (मुख्य प्रशासकाचा) अधिकार लागतो, नाहीतर सगळ्या फाइली कॉपी करणाऱ्याच्या नावावर पडतात. एसीएल (वाढीव परवानग्यांची यादी) हव्या असतील तर मोठ्या लिपीतलं 'ए', हार्ड लिंक (एकाच फाइलची दुसरी नावं) टिकवायच्या तर मोठ्या लिपीतलं 'एच' जोडा. लहान 'एन' म्हणजे फक्त तालीम.

स्रोताच्या पत्त्याशेवटी तिरकी रेघ दिली तर फोल्डरातला माल जातो, न दिली तर फोल्डरासकट जातो. तालीम करून यादी वाचली की हे लगेच दिसतं. एससीपी (नेटवर्कवरून कॉपी करायची साधी आज्ञा) वापरणार असाल तर लहान 'पी' द्या, तारखा टिकतील. मालकी मात्र टिकणार नाही.

मराठी नावांसाठी एक गोष्ट इथे फार महत्त्वाची आहे. लिनक्सच्या नेहमीच्या ईएक्सटी-४ डिस्कवर फाइलचं नाव २५५ बाइटपर्यंतच चालतं, आणि देवनागरीतलं प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेतं. काना, वेलांटी, हलन्त, अनुस्वार सगळं वेगवेगळं मोजलं जातं. 'विद्यार्थ्यांची' या एका शब्दात १५ चिन्हं आहेत, म्हणजे ४५ बाइट. एकूण ८५ चिन्हांपुढे नाव गेलं की फाइल अडते. विंडोजवर मर्यादा २५५ चिन्हांची असल्याने तिथे चालणारं लांब नाव लिनक्सवर किंवा आतून लिनक्स असलेल्या नॅसवर चालत नाही. ठरावाचा अख्खा विषय फाइलच्या नावात लिहायची सवय असलेल्या ऑफिसांनी आधी अशी नावं शोधून आखूड करावीत.

तपासणी

रोबोकॉपी संपल्यावर खाली एक तक्ता येतो. त्यातला 'फेल्ड' हा रकाना बघा. तिथे शून्य नसेल तर नोंदवहीत अडलेल्या फाइली शोधा, कारण दूर करा, पुन्हा चालवा. बॅच फाइलमधून (आज्ञा लिहून ठेवलेल्या फाइलमधून) चालवत असाल तर निकालाचा क्रमांक ८ पेक्षा कमी असला की अपयश नाही असं समजा. १ आला म्हणून घाबरू नका, त्याचा अर्थ फाइली नीट कॉपी झाल्या असा आहे.

पण हा तक्ता आतला मजकूर बाइट-बाइट जुळवून बघत नाही. त्यासाठी सेव्हन-झिप दोन्ही मशीनवर टाका, फोल्डरवर उजवं क्लिक करून त्यातल्या चेकसमच्या मेनूतून शा-२५६ निवडा. पूर्ण फोल्डरचा एक हॅश, म्हणजे मजकुरावरून काढलेला ओळखक्रमांक मिळतो, नुसत्या मजकुराचा वेगळा आणि नावांसकट वेगळा. दोन्ही मशीनवरचे आकडे जुळले की मजकूर एका बाइटनेही बदललेला नाही. न जुळल्यास आधी विंडोजने स्वतः तयार केलेल्या 'थंब्स डॉट डीबी' आणि 'डेस्कटॉप डॉट आयएनआय' या फाइली बघा, फरक पुष्कळदा तिथेच निघतो. तारखा हॅशमध्ये धरल्या जात नाहीत, त्यामुळे आठदहा जुन्या फाइलींच्या 'प्रॉपर्टीज' दोन्हीकडे उघडून डोळ्यांनी ताडून बघा. दोन-तीन फोल्डरही बघा.

हे हॅश कागदावर उतरवा. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खाली इलेक्ट्रॉनिक नोंद पुराव्यात द्यायची तर सोबतच्या प्रमाणपत्रात हॅश लिहावा लागतो. पतसंस्था, वकील, ग्रामपंचायती यांना हे कधीही लागू शकतं.

श्रीलिपीसारख्या जुन्या फाँटमध्ये टाइप केलेला मजकूर असेल तर ते फाँट नव्या मशीनवर टाकल्याशिवाय फाइल उघडून काही वाचता येणार नाही. वाचता येत नाही म्हणून ती फाइल 'सेव्ह' करू नका. एका क्लिकने मॉडिफाइड तारीख आजची होईल. आधी फाँट, मग फाइल.

जुनी हार्ड डिस्क लगेच विकू किंवा फॉरमॅट करू नका. नव्या मशीनवर एक ऑडिट किंवा एक शैक्षणिक वर्ष पार पडू द्या, आणि साठ्याची आणखी एक प्रत बाहेरच्या एनटीएफएस डिस्कवर याच आज्ञेने काढा. दोन्ही डिस्कवर कागदी चिठ्ठी चिकटवा: कोणत्या मशीनची, कॉपी कोणत्या तारखेला, कोणी केली, आणि हॅशची पहिली आठ अक्षरं.